‘मेटल गिअर सॉलिड २’चं एवढं कौतुक का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात राजारामपुरीत एका घराच्या माडीवर दर रविवारी सकाळी आम्ही आठ-दहा जण जुने व्हिडिओ गेम लावून बसतो. फी नाही, नोंदणी नाही, चहा ज्याचा त्यानं द्यायचा. गेले तीन महिने ‘मेटल गिअर सॉलिड २’ चालू आहे आणि नवा माणूस जिना चढून आला की तेच प्रश्न पुन्हा सुरू होतात. "ह्याला एवढे मार्क पडलेच कसे?" हा त्यातला पहिला. सांगून सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय. गोष्टीतलं गुपित जिथे फुटणार आहे तिथे आधी सांगितलंय. तरीही वाचलं आणि मजा गेली, तर भांडायला येऊ नये.

हा गेम नक्की कोणता? कधीचा?

पूर्ण नाव ‘मेटल गिअर सॉलिड २: सन्स ऑफ लिबर्टी’. जपानच्या कोनामी कंपनीचा, दिग्दर्शक हिदेओ कोजिमा. नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकेत आणि जपानमध्ये प्लेस्टेशन २ वर आला. युरोपवाल्यांना मार्च २००२ पर्यंत थांबावं लागलं. १९९८ च्या ‘मेटल गिअर सॉलिड’चा हा पुढचा भाग, पण मालिकेचं मूळ त्याच्याही आधीचं, १९८७ सालचं.

गेमचे दोन तुकडे आहेत. पहिला टँकर: पावसात न्यूयॉर्कजवळ हडसन नदीतून चाललेलं जहाज, पुलावरून त्यावर उडी टाकणारा गुप्तहेर नायक सॉलिड स्नेक, आणि जहाजाच्या पोटात लपवलेलं एक अजस्र यंत्र. दुसरा प्लांट: समुद्रातला ‘बिग शेल’ नावाचा सफाई प्रकल्प, तिथे अतिरेक्यांनी धरलेले ओलीस आणि सुटकेला गेलेला एकटा जवान. टँकर दोन-तीन तासांत संपतो. खरा गेम प्लांटचा, आणि खरं भांडणही प्लांटचंच.

‘स्टेल्थ’ म्हणजे नुसती लपाछपीच ना? त्यात मारामारी कुठे आहे?

मारामारी आहे, पण ती करावी लागली म्हणजे आपण चुकलो. पहारेकऱ्याच्या नजरेआडून जायचं, तो वळला की पुढे सरकायचं, दिसलो तर पळायचं आणि पुन्हा लपायचं.

ही कल्पना सुचली ती अडचणीतून. १९८७ मध्ये कोनामीत नवाच आलेल्या कोजिमाला एमएसएक्स २ या घरगुती कॉम्प्युटरसाठी युद्धाचा गेम करायला सांगितलं होतं. त्या यंत्राला पडद्यावर एका वेळी फार माणसं आणि फार गोळ्या झेपत नव्हत्या. मग लढाईच होऊ नये असा युद्धाचा गेम केला तर? शत्रू मोजकेच, आणि त्यांना चुकवणं हाच खेळ. यंत्राचा दुबळेपणा झाकायला केलेली युक्ती पुढे एक अख्खा प्रकार होऊन बसली.

आपल्याकडच्या माणसाला हे समजावायला मला कधी दोन मिनिटांपेक्षा जास्त लागत नाहीत. इथून वीसेक किलोमीटरवर पन्हाळा आहे. जुलै १६६० ची पावसाळी रात्र, सिद्दी जौहरचा वेढा, आणि त्या वेढ्यातून विशाळगडाकडे निघालेले महाराज. तलवार शेवटी चाललीच, ती खिंडीत. पण गड सोडताना कामाला आला तो अंधार, पाऊस आणि शत्रूचा ढिला पडलेला पहारा. एवढं सांगितलं की समोरचा म्हणतो, "मग असं सांगा की!" (पन्हाळा ध्यानात ठेवा. रायडनच्या प्रश्नाला तो पुन्हा लागणार आहे.)

समीक्षकांनी नेमके किती गुण दिले?

मेटाक्रिटिक हे संकेतस्थळ वेगवेगळ्या समीक्षकांचे गुण गोळा करून त्यांची सरासरी काढतं. तिथे प्लेस्टेशन २ च्या आवृत्तीला १०० पैकी ९६ आहेत. गेमची परीक्षणं छापणाऱ्या संकेतस्थळांपैकी आयजीएननं १० पैकी ९.७ दिले, गेमस्पॉटनं ९.६.

हे आकडे एकटे पाहू नका. २००१ चा हिवाळा म्हणजे खेळाडूंची दिवाळी होती. ऑक्टोबरात ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ३’ आला, नोव्हेंबरात ‘हेलो’ आला, दोघांनाही मेटाक्रिटिकवर ९७. त्या गर्दीत ९६ काढणं म्हणजे खासबागेत नामवंत मल्लांच्या जोडीला उतरून कुस्ती बरोबरीत सोडवण्यासारखं आहे.

आता मला गमतीची वाटणारी गोष्ट. याच मालिकेत पहिल्या ‘सॉलिड’ला ९४, तिसऱ्याला ९१, चौथ्याला ९४. म्हणजे सगळ्यात जास्त गुण त्याच भागाला, ज्याच्यावरून चाहत्यांनी सगळ्यात जास्त डोकी फोडून घेतली. हे असं का, याचंच उत्तर पुढच्या पाच-सहा प्रश्नांत आहे.

पण आवडलं काय नेमकं? चित्रं आता जुनी दिसतात.

जुनी दिसतात, कबूल. म्हणून आम्ही नव्या माणसाला चित्रं दाखवत नाही, टँकरमधला बार दाखवतो.

जहाजावर एक छोटी बैठकीची खोली आहे. काउंटर, मागे दारूच्या बाटल्यांची रांग, काउंटरवर बर्फाचं भांडं. गोष्टीला या खोलीची काही गरज नाही, माणूस पळत निघून जातो. मागच्या महिन्यात अकरावीतला एक पोरगा पहिल्यांदाच आला होता. त्यानं सहज म्हणून बर्फाच्या भांड्यावर गोळी झाडली. खडे काउंटरवर सांडले. तो पुढे निघाला, मी म्हटलं, थांब जरा. सगळे गप्प बसून टीव्हीकडे बघत राहिलो. खडे हळूहळू लहान होत गेले. "आरं, वितळाय लागलं की हे!" म्हणून त्यानं कंट्रोलर खाली ठेवला तो शेवटचा खडा जाईपर्यंत उचललाच नाही. मग बाटल्यांकडे वळला. ज्या बाटलीला गोळी लागते तीच फुटते, शेजारची नुसती उभी राहते. पुढची पंधरा मिनिटं आमचा सुपर गुप्तहेर बारमध्ये बाटल्या फोडत होता.

२००१ मध्ये समीक्षकही याच खोलीत अडकले होते असं समजा. तेव्हाच्या गेममध्ये भिंत ही भिंत असायची आणि टेबल हे रंगवलेलं टेबल. इथे प्रत्येक वस्तूला हात लावला की ती उत्तर देत होती. स्वयंपाकघरातलं कलिंगड फुटतं. ओल्या बुटांनी आत आलात तर पावलांचे ठसे उमटतात. पावसात फार वेळ उभं राहिलात तर स्नेकला सर्दी होते आणि नेमका पहारेकऱ्याजवळ तो शिंकतो. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेवर पाय पडला की माणूस घसरून आडवा! हे शेवटचं ज्यानं कोडमध्ये लिहिलं त्याला एकदा भेटायची माझी इच्छा आहे.

आणि हे सगळं सेकंदाला साठ फ्रेमच्या वेगानं, कुठे न अडखळता. तेव्हाच्या यंत्रावर हे सोपं काम नव्हतं.

पहारेकरी हुशार आहेत म्हणतात. ते कसं?

कौतुकाचा अर्धा वाटा पहारेकऱ्यांचा आहे, म्हणून हा प्रश्न वेगळा काढला.

पूर्वीच्या गेमात एक शिपाई मारला की तो गायब व्हायचा आणि बाकीच्यांना त्याची आठवणही राहायची नाही. इथे मेलेला किंवा बेशुद्ध शिपाई तिथेच पडून राहतो. दुसऱ्यानं पाहिला तर बोंब. झोपलेला असेल तर लाथ घालून उठवतो. म्हणून अंग ओढत नेऊन लॉकरमध्ये कोंबायचं. त्याच लॉकरमध्ये आपल्यालाही लपता येतं, आणि फटीतून बाहेर चाललेली पावलं बघताना मोठी माणसंही श्वास धरून बसतात हे मी पाहिलंय.

त्यांच्याकडे वायरलेस आहे. संशय आला की आधी कळवतात, मग चार जण मिळून कोपरा न् कोपरा तपासतात. प्लांटमध्ये तर ठराविक वेळानं हजेरी द्यावी लागते. ज्याला तुम्ही झोपवलंय त्याच्याकडून उत्तर आलं नाही की बघायला दुसरा येतो. आता तुमच्यापुढे पर्याय: शिपायाला हात लावू नका, किंवा लावायचाच तर आधी वायरलेसवर गोळी मारा. मागून जाऊन बंदूक रोखली तर तो हात वर करतो. मग समोर जाऊन डोक्यावर नेम धरला की थरथरत गळ्यातला बिल्ला टाकतो. असे बिल्ले गोळा करायचा नाद लागला की घरचे जेवायला हाक मारून थकतात.

आणि मारायचं अजिबात नसेल तर गुंगीचं औषध भरलेलं पिस्तूल आहे. अख्खा गेम जवळपास कुणाचाही जीव न घेता पार करता येतो. हे मला आजही फार मोठं वाटतं. बंदुकीचा गेम विकत घेणाऱ्याला ‘नको मारूस’ असं सुचवणारा गेम.

‘सिनेमासारखा’ म्हणजे काय? सगळेच गेम तसे म्हणवतात.

कोल्हापूरकराला सिनेमा समजावायला मी जाणार नाही. बाबूराव पेंटरांनी जिथे स्वतःचा कॅमेरा बनवला, जिथे १९२९ मध्ये ‘प्रभात’ सुरू झाली, ज्या गावात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, त्या गावातला माणूस पडद्याकडे जरा तिरकस डोळ्यांनीच बघणार. माडीवर येणारे एक काका आहेत, तरुणपणी स्टुडिओत लाइटमनच्या हाताखाली होते. गेममधलं त्यांना काही येत नाही. पण टँकरच्या सुरुवातीचा प्रसंग, पुलावर पावसात चालत येणारा एकटा माणूस, रेनकोट, मागून जाणाऱ्या गाड्यांचे दिवे, हे पाहून ते एवढंच म्हणाले, "ह्याला मागनं लाइट मारायचं कळतंय."

मला वाटतं समीक्षकांना तेच म्हणायचं होतं, फक्त त्यांनी पानं भरली. कोजिमा आपलं सत्तर टक्के अंग सिनेमानंच बनलंय असं स्वतःबद्दल लिहितो. संगीतासाठी त्यानं हॉलिवूडमधले हॅरी ग्रेगसन-विल्यम्स आणले, खेळताना वाजणारं संगीत नोरिहिको हिबिनो यांचं. पात्रं आणि यंत्रं रेखाटली योजी शिंकावा यांनी, ब्रशच्या फटकाऱ्यांनी, एखादी रेघ अर्धवट सोडून दिलेली. पेंटरही नाटकांचे पडदे रंगवता रंगवताच सिनेमात आले, हे इथल्यांना वेगळं सांगायला नको.

पण माझ्या मते सिनेमा कटसीनमध्ये, म्हणजे खेळ थांबवून नुसते बघायच्या प्रसंगांत नाही, तो खेळताना आहे. लपलेले असताना संगीत दबकं चालू असतं. दिसलात की एकदम उसळतं. लपलात की हळूहळू खाली येतं, शोध चालू असेपर्यंत पूर्ण शांत होत नाही. सिनेमात संगीत कधी चढवायचं हे संकलक ठरवतो. इथे ते तुमच्या एका चुकीच्या पावलानं चढतं.

कटसीन फार लांब आहेत हे खरं का?

खरं. अगदी खरं. त्यात वायरलेसवरचे संवाद वेगळे: दोन हिरवट चेहरे आणि न संपणारं बोलणं. आमच्याकडे त्या वेळात कोपऱ्यावरून मिसळ मागवली जाते आणि बहुतेक वेळा खाऊनही होते. कौतुक करणाऱ्या समीक्षकांनीही हीच तक्रार केली होती, आणि चौथ्या भागात कोजिमानं ती ऐकण्याऐवजी दुप्पट जोर लावला. ज्यांना सहन होत नाही त्यांनी बटण दाबून पुढे जावं. पण मग पुढच्या दोन प्रश्नांत काय चाललंय ते कळणार नाही.

रायडनचं काय प्रकरण आहे? लोक त्याचं नाव काढलं की चिडतात का?

(इथून पुढे गुपित फुटतं.)

मे २००० मध्ये लॉस एंजेलिसच्या ई-३ या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात या गेमची नऊ मिनिटांची झलक दाखवली आणि बघायला झुंबड उडाली. नायक सॉलिड स्नेक. २००१ मध्ये कोनामीच्या ‘झोन ऑफ द एन्डर्स’ या दुसऱ्याच गेमसोबत टँकरचा खेळून बघायचा नमुना दिला, तर लोकांनी तो गेम नमुन्यासाठी विकत घेतला. तिथेही स्नेकच. नंतरच्या झलकांत प्लांटमधले प्रसंग होते, त्यातही स्नेक पुढे.

मग गेम आला. टँकर संपला, जहाज बुडालं, स्नेक मेल्याची बातमी आली. दोन वर्षांनी प्लांटमध्ये पाण्यातून एक जवान वर येतो. त्याचं सांकेतिक नाव ‘स्नेक’. थोड्या वेळानं वरून हुकूम: तुझं नाव बदललं, तू आता ‘रायडन’. मुखवटा उतरतो आणि आत कोण? लांब पांढुरक्या केसांचा, नाजूक चेहऱ्याचा, आपण कधी न पाहिलेला पोरगा. आणि उरलेला गेम यालाच घेऊन खेळायचा! मधूनमधून वायरलेसवर त्याची मैत्रीण रोझ उद्याची तारीख विसरलास का म्हणून विचारत राहते. जगावर संकट आलेलं असताना.

लोक खवळले. जाहिरातीत एक दाखवून दुकानात दुसरंच दिलं, ही त्यांची तक्रार, आणि तशी ती रास्तच होती. मी स्वतः तेव्हा हाच राग धरून होतो. पण आता पन्हाळ्याकडे या. त्या रात्री दोन पालख्या निघाल्या. एकीत शिवा काशिद, महाराजांच्या वेशात, मरणाची पूर्ण कल्पना असताना. तिथे फसवायचं होतं शत्रूला. कोजिमानं तोच डाव लावला, फक्त त्याच्या डावात वेढा घालून बसलेले आपण होतो. आपण ‘स्नेक’ म्हणून ज्या पालखीमागे धावलो तिच्यात रायडन निघाला.

आणि हे उगीच चमत्कृतीसाठी केलेलं नाही, हे शेवटाकडे कळतं. रायडनची सगळी मोहीमच मुळी पहिल्या भागातल्या घटनांची नक्कल म्हणून कुणीतरी रचलेली असते, एका सामान्य पोराला स्नेक बनवता येतं का ते बघायला. तो पोरगा म्हणजे खेळाडू. पहिला भाग खेळून आलेला, स्वतःला स्नेक समजणारा, हुकूम पाळणारा. बाहेरून आपल्यालाच बघायला मिळावं म्हणून स्नेक काढून घेतला. ही गोष्ट पहिल्या आठवड्यात लिहिलेल्या परीक्षणांत फार कमी ठिकाणी नीट मांडली गेली. त्यांनी गुण दिले बर्फाला आणि पहारेकऱ्यांना, बरोबरच दिले. रायडनचे गुण पडायला आणखी दहा-पंधरा वर्षं लागली.

शेवट कळला नाही. माझं काही चुकलं का?

नाही हो. कुणालाच एका बैठकीत कळत नाही.

थोडक्यात असं: शेवटाकडे कळतं की रायडनला वायरलेसवरून हुकूम देणारा कर्नल हा माणूसच नाही, ते एक कृत्रिम बुद्धीचं यंत्र आहे. ते बिघडायला लागतं आणि बरळतं. खेळाडूला गेम बंद कर म्हणून सांगतं. पडद्यावर हरल्याची पाटी येते, पण नीट वाचा: ‘मिशन फेल्ड’ नाही, ‘फिशन मेल्ड’. पाटीच्या कोपऱ्यात छोट्या चौकटीत गेम चालूच असतो. आमच्यातल्या एकानं ऐन तिथेच कर्नलचं ऐकून खरोखर बटण दाबलं होतं. सेव्ह तासाभरापूर्वीचं. त्याला अजून कुणी विसरू दिलेलं नाही.

मग ते यंत्र आपला खरा हेतू सांगतं. माणसं आता प्रत्येक क्षुल्लक गोष्ट साठवून ठेवतात, अफवा आणि सत्य एकाच ढिगात, जो तो आपल्याला सोयीच्या सत्याच्या डबक्यात बसलेला; या कचऱ्यातून काय ठेवायचं आणि काय पुसायचं ते कुणीतरी ठरवायला हवं, आणि ते आम्ही ठरवू. हे २००१ सालचं लिखाण आहे. फेसबुक २००४ चं, यूट्यूब २००५ चं. प्लांटची कथा २००९ मध्ये घडते असं दाखवलंय आणि व्हॉट्सॲप खरोखर त्याच वर्षी सुरू झालं. योगायोगच, पण माडीवर हे सांगितलं की दोन क्षण कुणी बोलत नाही.

तेव्हा अनेकांनी या भाषणाला बडबड म्हटलं. मीही म्हटलं. २०१९ च्या महापुरात मात्र मला ते आठवलं. पंचगंगा चढत होती आणि फोनवर राधानगरीच्या दरवाजांचे मेसेज येत होते. इतके उघडले, नाही तितके उघडले, कुणी सांगे बंद झाले, कुणी जुनाच व्हिडिओ पुढे ढकलला. प्रत्येक जण ‘खात्रीची बातमी’ असं लिहून पाठवत होता. शेवटी आमच्या आळीतल्या आजीनं पायरीवर खडूनं रेघ मारली आणि पाणी रेघेला लागलं का ते दर अर्ध्या तासानं बघत बसली. अख्ख्या ग्रुपमध्ये खरी बातमी तेवढीच होती.

म्हणून शेवट पुन्हा खेळा. एकदा कळला नाही तर दुसऱ्यांदा थोडा जास्त कळतो.

शेवटी एकदम गच्चीवर कसे येतो? मधला भाग उडाला का?

उडाला नाही, काढला. गेम पूर्ण होत आला असताना ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला झाला. मूळ आराखड्यात प्लांटखाली लपवलेलं एक राक्षसी जहाज मॅनहॅटनमध्ये घुसून इमारती पाडतं आणि स्वातंत्र्यदेवीचा पुतळा जागेवरून सरकतो असं दृश्य होतं. दोन महिन्यांवर प्रकाशन असताना ते काढून टाकलं. म्हणून फेडरल हॉलच्या गच्चीवर आपण धाडकन येऊन पडतो. शेवट तुटक वाटतो या तक्रारीचा थोडा तरी हिशोब इथे लागतो.

मग सगळ्यांनी कौतुकच केलं का?

नाही. करामत एक नंबर पण गोष्ट हाताबाहेर गेली, असा सूर तेव्हाही होता. बोलणं जास्त, खेळणं कमी. खलनायक एकामागून एक येतात आणि काही जण धड ओळख व्हायच्या आत मरतात. रोलर स्केटवर फिरणारा लठ्ठ बॉम्बवाला तर मला आजही पटत नाही, ज्याला आवडतो त्याला आवडो. एमा नावाच्या मुलीला हाताला धरून फिरवायचा टप्पा आमच्यात सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो. ९६ आकडा पाहून निर्दोष गेमची अपेक्षा धरू नका.

पहिला भाग खेळलाच पाहिजे का?

हो. रायडनची नक्कल कशाची आहे हे कळलं नाही तर अर्धी गंमत गेली.

आज कुठे खेळता येईल?

ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘मास्टर कलेक्शन’चा पहिला खंड आला. त्यात १९८७ च्या मूळ गेमपासून तिसऱ्या ‘सॉलिड’पर्यंत सगळे आहेत आणि तो प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स सिरीज, स्विच आणि कॉम्प्युटरवर चालतो. एक अडचण सांगून ठेवतो. प्लेस्टेशन २ च्या कंट्रोलरची बटणं दाब ओळखायची. पिस्तूल रोखल्यावर बटण अलगद सोडलं तर गोळी न सुटता हात खाली यायचा. नव्या कंट्रोलरवर ती सोय नाही, त्यासाठी वेगळं बटण दाबायचं असतं. जुन्या सवयीचे लोक सुरुवातीला हात वर केलेल्या बिचाऱ्या शिपायांना उगीच गोळ्या घालतात.

जुनी डिस्क घेणार असाल तर दुकानातच लावून बघा. मी २००६ मध्ये शेजारच्या शहरातल्या एका दुकानातून वापरलेली घेतली. एमाच्या प्रसंगापर्यंत छान चालली आणि तिथे गोठली. परत न्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "तिथपर्यंत चालली की नाही? मग डिस्क चांगली आहे." पुढचा भाग मी दोन वर्षांनी पाहिला.

तिसरा भाग याच्यापेक्षा चांगला म्हणतात.

म्हणतात, आणि गोष्ट म्हणून तो सरस आहेच. १९६४ चं रशियन जंगल, अंगावर रंग फासून गवतात पडून राहणं, आणि डोळ्यांत पाणी आणणारा शेवट. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याची नव्यानं केलेली ‘डेल्टा’ आवृत्तीही आली. तिसरा लगेच आवडतो. दुसरा आधी भांडायला लावतो. मी भांडणाच्या बाजूचा.

मुलांना आणलं तर चालेल का? मराठीत आहे का?

अमेरिकेत याला सतरा वर्षांवरच्यांसाठीचा शिक्का आहे. रक्त आहे, काही जड विषय आहेत. आम्ही दहावीपर्यंतच्यांना फक्त टँकर खेळू देतो. मराठीत नाही. इंग्रजी संवाद चालू असताना आमच्यातले एक मास्तर शेजारी बसून तोंडी सांगत जातात, आणि त्यांच्या तोंडी कर्नल पक्का कोल्हापुरी होतो: "रायडन, गप माघारी ये की रं!"

यायचं ठरवलं तर काही तयारी?

सकाळी दहाला या, चपला जिन्यात काढा, शिल्लक असेल तर एखादा कंट्रोलर आणा. आणि एक करा. प्लांटच्या सुरुवातीला पहिल्या यंत्रापाशी गेम तुमचं नाव आणि जन्मतारीख विचारतो. तिथे घाई करू नका. आमच्या एका भाऊनं कंटाळून नुसतं ‘एक्स एक्स’ टाकलं होतं. तीन महिन्यांनी, सगळं संपल्यावर, पहाटेच्या रस्त्यावर उभा राहून रायडन गळ्यातला बिल्ला हातात घेतो आणि कॅमेरा त्यावर जातो. वर खेळणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. रायडन ते वाचतो आणि बिल्ला दूर भिरकावून देतो. आमच्या भाऊचा बिल्ला ‘एक्स एक्स’ नावाचा निघाला. पुढच्या रविवारी तो गुपचूप नवा गेम चालू करून बसला होता, आणि या वेळी नाव टाकताना स्पेलिंग दोनदा तपासत होता.